क्रमांक सात

माझी नोकरी उभं राहण्याची.
ऑकलंडच्या चित्रदालनात, दुसऱ्या मजल्यावर,
अंगात काळा कोट, कानात वायर
आणि तोंडात एकच वाक्य : कृपया हात लावू नका.

तोआकासे आत्या वावाउहून आली
आणि म्हणाली, तू दिवसभर काय राखतोस ते दाखव.
थंडीनं कुडकुडत होती, तरी कमरेला चटई गुंडाळलीच.
मोठ्या घरी जायचं तर नीट जावं माणसानं.

आमच्यात बापाची बहीण म्हणजे शेवटचा शब्द.
तिच्यासमोर माझा बाप खुर्चीत बसत नसे,
मी कोण लागून गेलो?

बोटी पाहिल्या, मेंढ्या पाहिल्या, एक उघडी बाई पाहिली,
कुठंच थांबली नाही.
थांबली ती ह्यू कॅलँडरपाशी.
एकोणीसशे एकसष्ट. हार्डबोर्डवर तेलरंग.
नावाच्या जागी नुसतं : क्रमांक सात.
तपकिरी त्रिकोण, काळे त्रिकोण, टोकाला टोक लावून,
आणि मधून एक फिकट पट्टी, कसलीच घाई नसलेली.

खरं सांगतो, मला हे चित्र आवडतं.
अकरा वर्षं आम्ही समोरासमोर उभे आहोत.

पाटीवर लिहिलंय :
संग्रहालयाच्या तळघरात, एका खणात
घडी घातलेलं सालीचं कापड पाहून
चित्रकाराला शुद्ध आकार गवसला.
मी आमच्या भाषेत वाचून दाखवायला गेलो
आणि ‘शुद्ध’पाशी अडलो. म्हटलं, धुतलेला.
धुतलेला? आत्या हसली.
साल आहे ती, बाबा. धुतली तर लगदा होईल.

मग तिनं खालचा आकडा पाहिला.
सात. मग पहिले सहा कुठायत?

आमच्या कापडाच्या कडेला आकडे असतात.
बायका एका टोकाला बसतात, चिकटवत, रंगवत सरकतात,
एक, दोन, अठरा, पन्नास,
कुठवर आलो ते कळावं म्हणून,
आणि पुढे कुणाच्या मयताला
कितव्यापासून कितव्यापर्यंत फाडायचं, तेही.
सात म्हणजे जेमतेम सुरुवात.
सातव्याला तर चहासुद्धा झालेला नसतो.

किती जणी होत्या याला?
एकटाच होता, आत्या.
एकटाच?
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, तरीच आवाज येत नाही यातून.

आणि मला तो आला.
ओंडक्यावर मोगरी, शेजारच्या अंगणात दुसरी,
दोघींच्या मधल्या फटीत बरोबर बसणारी तिसरी,
आणि आम्ही पोरं त्या ठोक्यांत झोपलेली.
दालनात फक्त एसीची घरघर होती.

ती वाकली, चश्मा कपाळावर सारून.
हे बघ, इथं दमला.
तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवा त्रिकोण.
टोक केसभर खाली आलं होतं.
अकरा वर्षांत मला दिसलं नव्हतं.
मोजपट्टी नव्हती म्हणजे हातात, ती म्हणाली.
बरं झालं.

मग तिचा हात पुढे गेला.
नखांच्या कडांत झाडाचा रंग मुरलेला,
कुठल्याच साबणाला न जुमानणारा.
माझं वाक्य घशापर्यंत आलं.
मी खिडकीबाहेर पाहिलं. बंदरात एक क्रेन वळत होती.

कानातल्या वायरीनं विचारलं,
दुसऱ्या मजल्यावर कोण आहे?
म्हटलं, कडा तपासतायत.

लिफ्टमध्ये तिनं चटई नीट केली.
हा माणूस आहे अजून?
नाही, आत्या. कधीच गेला.
मग त्याच्यावर कापड कुणी घातलं?

तळमजला आला. दार उघडलं.
मला खरंच माहीत नव्हतं.